कॉम्प्युटरनं खाल्लेली पत्रं

‘‘अरे, तुझ्या मामीची सगळी पत्रं कॉम्प्युटरनं खाल्ली!’’

थोरल्या मामांचा साताऱ्याहून फोन आला तेव्हा सकाळचे सातसुद्धा वाजले नव्हते. मामांचं वय एक्क्याऐंशी. मामींना जाऊन तीन वर्षं झाली. नोकरीतली सारी वर्षं मराठी टंकलेखन यंत्रावर काढलेल्या या माणसाचा आवाज कधी चढल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी तो कापत होता.

मी संगणकतज्ज्ञ नव्हे. बँकेत नोकरी करताना या यंत्राशी गाठ पडली आणि पुढे ओळख वाढली, एवढंच. पण ‘त्याला विचारा, त्याला त्यातलं कळतं’ अशी नात्यागोत्यात एकदा ख्याती झाली, की लग्नघरी जेवायच्या पंगतीतही कुणी ना कुणी बंद पडलेला प्रिंटर घेऊन येतंच. बहुतेक दुखणी साधी असतात. निम्मी तर यंत्र बंद करून पुन्हा चालू केल्यानं बरी होतात. मामांचं दुखणं मात्र त्यातलं नव्हतं.

मामांची लेक न्यू जर्सीला. २००३ साली मामांनी घरी कॉम्प्युटर घेतला तो तिच्याचसाठी. दर रविवारी दुपारी मामी पोळ्या आटोपून शेजारी बसायच्या, त्या सांगायच्या आणि मामा टाइप करायचे. अंगणातल्या आंब्याला आलेला मोहोर, शेजारणीचं बाळंतपण, लेकीला फोनवर विचारता न येणारं काही, असं सगळं त्यात असे. मग ते पत्र ई-मेलला जोडून जाई. आठ वर्षांत तीनशेच्या वर पत्रं झाली. पुढे फोन स्वस्त झाले, व्हिडिओवर बोलणं सुरू झालं आणि पत्रं थांबली.

गेल्या दिवाळीत नातवानं नवा लॅपटॉप आणून दिला, जुन्या यंत्रातल्या फायली पेन ड्राइव्हवरून त्यात उतरवल्या आणि जुनं धूड माळ्यावर गेलं. परवा मामींच्या तिथीला मामांनी एक पत्र उघडलं, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम यांची नुसती खिचडी! दुसरं उघडलं, तिसरं उघडलं, तेच. लेकीकडच्या प्रतींचीही तीच गत.

‘‘मामा, काही पुसू नका, काही सेव्ह करू नका. मी येतो,’’ म्हटलं आणि एस.टी. पकडली.

गेल्या गेल्या पहिलं काम केलं ते सगळ्या फायलींची वेगळ्या पेन ड्राइव्हवर नक्कल काढून ठेवण्याचं. वाचकहो, हे आधी, बाकी सगळं नंतर. दुरुस्तीच्या भरात जेवढं नुकसान होतं, तेवढं बिघाडानं होत नाही. दुसरा नियम, ‘बिघडण्याआधी काय बदललं?’ हे विचारणं. इथं उत्तर समोरच होतं. यंत्र बदललं होतं.

दोष कुणाचा, हे समजायला थोडं मागं जावं लागेल. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कुठल्या अक्षराला कुठला आकडा, हे आधी ठरवावं लागतं. १९९० च्या दशकात घरगुती यंत्रांना देवनागरी येत नव्हतं. तेव्हा मराठी पॅकेजं बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. आकडे इंग्रजी अक्षरांचेच ठेवले, फक्त त्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवली. या चित्रांचा संच म्हणजे फॉन्ट. अंगावर फॉन्टचा अंगरखा असेतो मराठी दिसायचं, तो उतरला की आतलं इंग्रजी उघडं पडायचं. शिवाय प्रत्येक कंपनीचा अंगरखा वेगळा.

प्रमाणीकरणाचे प्रयत्न होत होते. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ सालचं आणि जगातल्या सगळ्या लिप्यांना आपापले आकडे देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. त्यात देवनागरी होती. विंडोजमध्ये मात्र मराठीची सोय आली ती विंडोज २००० पासून. पण टंकलेखन यंत्रावर बोटं बसलेल्या मामांना जुन्या पॅकेजचा कळफलकच सोयीचा वाटला. म्हणजे पत्रं कुणी खाल्ली नव्हती. ती जागच्या जागी होती, फक्त नव्या घरात तो अंगरखा नव्हता.

अंगरख्याचं नाव शोधणं सोपं असतं. वर्डमध्ये त्या खिचडीवर कर्सर ठेवला, की वरच्या चौकटीत फॉन्टचं नाव दिसतं. तो यंत्रात नसला तरी. नाव मिळालं. पण पॅकेजची सीडी घरभर शोधून सापडेना. मग माळ्यावरचं धूड खाली काढलं, धूळ झटकली, तारा जोडल्या. बटण दाबताच काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी उमटल्या आणि मामा खुर्चीत मटकन बसले. ‘‘संपलं रे!’’

संपलं काही नव्हतं. ‘तारीख-वेळ लावलेली नाही, पुढे जायला एफ-१ दाबा,’ एवढंच यंत्र सांगत होतं. आतली घड्याळाची नाण्याएवढी बॅटरी संपली होती. तिसरा नियम हाच. पडद्यावरची सूचना घाबरून बंद करू नका, वाचा. कळली नाही तर कागदावर उतरवून घ्या. कळ दाबली, पाच मिनिटं कुरकुरून यंत्र उठलं. फॉन्टच्या फोल्डरमधून ती एक लहानशी फाइल उचलली, लॅपटॉपवर आणली, उजवी कळ दाबून ‘इन्स्टॉल’ म्हटलं. वर्ड बंद करून पुन्हा उघडलं, पत्र उघडलं.

‘चि. सौ. बाळास अनेक आशीर्वाद.’

मामांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. मी चहा टाकायला आत गेलो.

तेवढ्यात लेकीचा फोन. गेला महिनाभर तिचे ई-मेल परत येत होते. ‘‘बाबांचा पत्ता बदलला का?’’ तिला म्हटलं, परत आलेल्या मेलमधलं सगळं वाच. तळाशी कारण होतं, पेटी भरली आहे. २००४ साली जीमेल आलं आणि एक जीबी जागा फुकट मिळाली, तेव्हा ती जन्माला पुरेल असं आपल्याला वाटलं होतं. पण जागा कितीही द्या, अडगळ ती भरून काढतेच. मामांच्या पेटीत कुणाकुणाचे भलेमोठे व्हिडिओ होते आणि फोनमधले फोटोही त्याच जागेत मोजले जात होते. मोठ्या मेल शोधून पुसल्या. तरी जागा तेवढीच! कारण पुसलेलं टपाल आधी कचऱ्याच्या टोपलीत जातं. टोपली रिकामी केल्याशिवाय जागा सुटत नाही. अर्थात टोपली ओतण्याआधी ती एकदा चाळून घ्यावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी हाक मारली. ‘‘अरे, पेटी पुन्हा भरली. चोवीस तासांत पासवर्ड दिला नाही तर सगळं टपाल जाणार म्हणतात. देतोय मी.’’

मी धावलोच. मेल हुबेहूब खरी वाटावी अशी, पण पाठवणाऱ्याचा पत्ता भलताच. आदल्या दिवशीच पेटी भरल्याचं ऐकलेलं, मामींची पत्रं जाता जाता वाचलेली. अशा वेळी कुणाचाही हात पुढे जाईल. ठक नेमका याच धास्तीवर जगतो. अशा मेलमधल्या दुव्यावर कधीही टिचकी मारू नये. आपली पेटी नेहमीच्या वाटेनं स्वतः उघडावी आणि जागा किती उरली ते तिथं पाहावं. पासवर्ड कुणी मागितला की तो खोटा, असं समजावं. चुकून पैसे गेलेच तर लाजत बसू नये, १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावं.

निघण्याआधी एक काम उरलं होतं. फॉन्ट मिळाला, पण तो उद्याच्या यंत्रातही असेल याचा भरवसा काय? म्हणून पत्रं युनिकोडमध्ये उतरवायला घेतली. त्यासाठी परिवर्तक मिळतात, पण ते चुका करतात. जुन्या फॉन्टमध्ये ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी पडे आणि क नंतर. युनिकोडमध्ये क आधी. रफाराचंही असंच. त्यामुळे वेलांट्या नि रफार भलतीकडे जाऊन बसतात आणि प्रत्येक पत्र डोळ्यांखालून घालावं लागतं. खबरदारी म्हणून मूळ फॉन्टमधल्या पत्रांच्या पीडीएफ प्रतीही काढल्या. त्यात अंगरखा आतच शिवलेला असतो.

तपासणीचं काम मामांनी आपणहून मागून घेतलं. रोज दोन पत्रं. लेकीला त्याच रात्री पाठवतात. आता फोन आला की पहिल्यासारखा आवाज असतो.

परवा म्हणाले, ‘‘एका पत्रात ‘मोहोर’चं ‘मोहर’ झालंय.’’

‘‘परिवर्तकाची चूक. दुरुस्त करा,’’ मी म्हटलं.

‘‘नाही रे. मूळ पाहिलं. तिथंही तसंच आहे. ती मोहरच म्हणायची. मी तसंच टाइप केलं होतं.’’

मग थोडं थांबून म्हणाले, ‘‘ते राहू देतो.’’