केवळ मातेचे दूध : जबाबदारी एकट्या मातेची नव्हे

जन्मापासून पहिले सहा महिने बालकास मातेच्या दुधाखेरीज काहीही, पाणीदेखील, देऊ नये, असे वैद्यकशास्त्र सांगते. डॉक्टरांनी दिलेली औषधे एवढाच काय तो अपवाद. तथापि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिन्यांखालील सुमारे ६४ टक्के बालकेच निव्वळ स्तनपानावर असल्याचे दिसून आले. उरलेल्या बालकांच्या माता निष्काळजी होत्या, असे मानणे अन्यायाचे होईल.

याच पाहणीनुसार सुमारे ८९ टक्के प्रसूती रुग्णालयांत झाल्या. परंतु जन्मानंतर तासाभरात स्तनपान मिळालेली बालके ४२ टक्केच होती. कोठे शस्त्रक्रियेनंतर माता व बालक वेगळी राहतात, तर कोठे वडीलधारी मंडळी मध किंवा गुळाचे पाणी चाटवितात. पहिले दाट, पिवळसर दूध, म्हणजे चीक, पिळून टाकण्याची रूढीही काही घरांत आहे. वस्तुतः चिकातील द्रव्ये बालकाचे रोगापासून रक्षण करतात. मध मात्र वर्षाखालील बालकास घातक ठरू शकतो. घरच्यांचा हेतू मायेचाच असतो. पण पहिलटकरणीने सासूचा किंवा आईचा शब्द मोडावा तरी कसा? यास्तव आरोग्यसेविकेने आजीलाही विश्वासात घेणे अगत्याचे आहे.

"दूध पुरत नाही" ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. बालक जितके अधिक चोखते, तितके दूध अधिक उतरते. वरचे दूध, घुटी किंवा पाणी देऊ लागताच त्याचे पोट भरते, चोखणे कमी होते आणि दूध खरोखरच आटू लागते. मातेच्या दुधात पाण्याचा पुरेसा अंश असल्याने उन्हाळ्यातही निराळे पाणी लागत नाही.

रूढीइतकाच पोटापाण्याचा प्रश्नही बिकट आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांची झाली. परंतु शेतावर रोजंदारीने जाणाऱ्या किंवा मासळीची पाटी घेऊन बाजारास निघणाऱ्या स्त्रीस अशी रजा कोण देणार? कामास न जावे तर चूल पेटत नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेखाली पात्र मातेस पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात. त्या साहाय्याने बुडालेल्या मजुरीची काही अंशी भरपाई होते. म्हणून गरोदरपणातच अंगणवाडीत नोंद करावी.

पावडरीच्या दुधाचा डबा गरिबास परवडत नाही. तो पुरविण्यासाठी पाणी वाढविले जाते, बाटली नीट उकळली जात नाही, आणि बालकास अतिसार जडतो. अशा दुधाच्या व बाटल्यांच्या जाहिरातींस १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, हे दुकानदारांनीही ध्यानी ठेवावे.

मातेस कामावर जावेच लागले, तर तिने हात धुऊन स्वच्छ भांड्यात दूध काढून झाकून ठेवावे. थंड जागी ठेवलेले हे दूध ४ तासांच्या आत वाटी-चमच्याने पाजता येते. मुकादमाने तिला पाजण्यापुरती सवड द्यावी, पतीने पाणी भरणे व सरपण आणणे अंगावर घ्यावे, सासूने पहिले ताट सुनेस वाढावे. शिक्षकांनी पालकसभेत हा विषय काढावा. दूध मातेचे खरे. परंतु ते पाजावयास लागणारा वेळ आणि विसावा तिला घराने व गावानेच द्यावयाचा आहे.