फुप्फुसांचा नाका

फुप्फुसांचे काम काय, असे विचारले तर शाळकरी पोरही सांगेल की प्राणवायू आत घ्यायचा आणि दूषित वायू बाहेर टाकायचा. उत्तर बरोबर आहे, पण ते अपुरे आहे. फुप्फुसे हवेइतकीच रक्ताचीही झडती घेतात, ही गोष्ट आज पाहावयाची आहे.

रक्ताचा मार्ग आठवून पाहा. सर्व शरीरातून परतलेले रक्त हृदयाच्या उजव्या बाजूस येते, फुप्फुसांतून जाते आणि मगच डाव्या बाजूने पुन्हा शरीरभर निघते. मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त या एकाच नाक्यावरून जाते. झडती घेण्यास याहून सोयीची जागा कोणती?

1925 साली लंडनमध्ये स्टार्लिंग आणि व्हर्नी हे कुत्र्याचे मूत्रपिंड शरीराबाहेर काढून त्यातून रक्त फिरवीत होते. नुसत्या पंपाने रक्त पाठविले की त्याच्या वाहिन्या आकसत. तेच रक्त आधी फुप्फुसांतून नेले की त्या मोकळ्या राहत. रक्तातील काहीतरी फुप्फुसांनी काढून घेतले होते, हे उघड झाले.

पुढे 1967 साली फेरेरा आणि व्हेन यांनी प्रोस्टाग्लँडिनांचा माग काढला. ही संप्रेरकांसारखी द्रव्ये ठिकठिकाणच्या पेशी गरजेपुरती तयार करतात. त्यांपैकी ‘ई’ आणि ‘एफ’ या जातींचा 90 टक्क्यांहून अधिक भाग फुप्फुसांच्या एकाच फेरीत नाहीसा होतो, असे दिसले. पेशी त्यांना आत ओढून घेतात आणि आतील विकर त्यांचा प्रभाव नष्ट करते. ॲड्रेनलिन मात्र जवळजवळ जसेच्या तसे पुढे जाते. ज्याचा निरोप साऱ्या शरीरासाठी आहे त्याला वाट मिळते. ज्याचे काम जागच्या जागी संपायचे त्याला येथे अडविले जाते.

हा भेद किती मोलाचा, ते नवजात बालक सांगते. गर्भात फुप्फुसांकडे फार थोडे रक्त जाते. बाकीचे एका आडवाटेच्या धमनीतून थेट महारोहिणीत वळते. ही वाट उघडी ठेवण्यात प्रोस्टाग्लँडिन ‘ई’ चा मोठा वाटा असतो. त्याचा पुरवठा करणारी वार जन्मानंतर सुटते, फुप्फुसांत रक्त धो धो वाहू लागते आणि उरलेले द्रव्य तेथे नष्ट होते. प्राणवायूही वाढतो. मग दोन-तीन दिवसांत ती वाट मिटते.

पण काही बालकांच्या हृदयाची घडणच अशी असते की त्यांचा प्राण त्या वाटेवरच अवलंबून असतो. ती मिटू लागली की मूल निळे पडते. अशा वेळी डॉक्टर प्रोस्टाग्लँडिन ‘ई’ शिरेतून देतात. ते एकदा टोचून भागत नाही, कारण फुप्फुसे ते लगेच संपवितात. म्हणून शस्त्रक्रिया होईपर्यंत थेंबथेंब अखंड चालू ठेवावे लागते.

निरोगी माणसाचे रक्षण करणारा पहारा येथे औषधालाही अडवितो. त्या पहाऱ्याची रीत ओळखली, म्हणूनच त्याला पुरून उरण्याची युक्ती सापडली. शरीराचे शास्त्र शिकावयाचे ते यासाठीच.