गळतीचा माग

खानदेशातील उन्हाळा कडक असतो. तापीच्या दक्षिणेस असलेल्या शिंदखेडा तालुक्यात वैशाखात पारा ४० अंशांच्या वर चढतो. अशा उन्हातही मोटारसायकली गावोगाव धावतात. माणूस सावलीस थांबून पाणी पितो. पण यांतील बहुतेक मोटारसायकलींच्या इंजिनात पाणी नसतेच. मग ते थंड कसे राहते?

इंजिनाच्या बाहेरील अंगास धातूच्या पातळ पट्ट्यांची रांग असते. या पट्ट्यांमुळे हवेला लागणारा पृष्ठभाग वाढतो आणि वाहती हवा उष्णता काढून नेते. काही मोटारगाड्यांची इंजिनेही याच रीतीने थंड होत. फर्डिनांड पोर्शे यांनी आखलेली जर्मनीची ‘बीटल’ ही अशीच गाडी होती. तिचे इंजिन मागील बाजूस असे व त्यावर पंख्याने वारा सोडलेला असे. या जातीच्या दोन कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या. शेवटची गाडी २००३ साली मेक्सिकोत बनली.

हवेने थंड होणाऱ्या इंजिनात तेलाला दोन कामे करावी लागतात. ते भागांमधील घर्षण कमी करते आणि आतील उष्णता बाहेर आणते. बीटलच्या इंजिनात अवघे अडीच लिटर तेल असे. एवढ्यातले थोडे जरी गळाले, तरी उरलेल्यावर भार पडतो. तेल फारच कमी झाले, तर दट्ट्या तापून नळकांड्यात अडकतो व इंजिन बंद पडते. शिवाय गळालेल्या तेलावर धूळ बसून पट्ट्यांवर जाड थर जमतो. मग इंजिन जणू भर उन्हाळ्यात घोंगडी पांघरून बसते! हेच तेल मोटारसायकलीच्या मागील चाकावर उडाले, तर चाक घसरून अपघात होतो.

गळती ओळखावी कशी? धाब्याच्या घरात पावसाचे पाणी एका जागी शिरते, तुळईच्या कडेने वाहत जाते आणि भलत्याच ठिकाणी ठिबकते. तेलाचेही तसेच आहे. ते खाली ओघळते आणि वाऱ्याने मागे पसरते. म्हणून थेंब जेथे पडतो, तेथेच दोष असेल असे नाही.

चांगला मिस्त्री घाईने पाना हाती घेत नाही. तो प्रथम थंड इंजिन स्वच्छ धुतो व कोरडे करतो. संशयाच्या जागी पांढरी भुकटी भुरभुरतो. मग थोडा वेळ इंजिन चालवून बंद करतो व निरखून पाहतो. भुकटी जेथे सर्वांत वर ओली झाली असेल, तेथे गळतीचा उगम असतो.

उगम सापडला, तरी कारण शोधावेच लागते. दोन भागांच्या सांध्यातील पॅकिंग फाटलेले असते, फिरत्या दांड्याभोवतीचे रबरी सील कडक झालेले असते, किंवा तेल सोडण्याचा बोल्ट सैल असतो. कधी इंजिनातील वाफ बाहेर जाण्याची नळीच तुंबते. मग आतील दाब वाढून चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर पडते. अशा वेळी नळी साफ न करता नवे सील बसविले, तर तेही गळू लागते.

पॅकिंग बदलताना जुन्याचे तुकडे धातूवर चरे न पाडता खरवडावे लागतात. नंतर समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, थोडेथोडे आवळावे लागतात. फार जोर लावल्यास झाकण वाकते किंवा आटे झिजतात आणि गळती वाढते. काढलेले तेल नाल्यात न ओतता डब्यात साठवावे. कारण ते विहिरीत झिरपले, तर गावाचे पाणी नासते. शेवटी योग्य खुणेपर्यंत तेल भरून, इंजिन चालवून सांधे पुन्हा पाहावेत. भुकटी कोरडी राहिली, तरच दुरुस्ती पुरी झाली असे समजावे.