तिकिटावरचे सहा तास

मैत्रिणींनो, लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी निघालात? मग आमच्या सांगलीच्या काकूंची गोष्ट ऐकाच.

उन्हाळ्यात काकूंना न्यूयॉर्कला जायचं होतं. तिकीट बघून त्या हरखल्या. "अगं, रात्री दोनला मुंबई सोडायची नि सकाळी आठला न्यूयॉर्क! सहाच तास? आमची मुंबईची एसटीसुद्धा याहून जास्त वेळ घेते!" सहाच तास म्हणून मधुमेहाच्या गोळ्या त्यांनी मोठ्या बॅगेत तळाशी ठेवल्या. ही बॅग विमानाच्या पोटात जाते, वाटेत हाती लागत नाही!

खरा हिशेब असा. मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. कुठे न थांबणाऱ्या विमानालाही पंधरा-सोळा तास लागतात. तिकिटावर मात्र निघण्याची वेळ आपली नि पोहोचण्याची तिकडची छापतात. न्यूयॉर्कचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यामागे साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे त्यांचे सकाळचे आठ वाजतात, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. दोन ते साडेपाच, झाले की नाही साडेपंधरा तास?

परतताना उलटं. एरवी उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, ते पाठीशी असल्यानं प्रवास सहसा तास-दीड तास लवकर उरकतो. तिकीट वाचताना मात्र तो जवळजवळ अख्खा दिवस वाटतो!

तेव्हा एवढं लक्षात ठेवा :

तारीख नीट वाचा. १५ तारखेचे रात्रीचे दोन म्हणजे १४ तारखेची रात्र. १४ लाच रात्री दहा-साडेदहापर्यंत विमानतळावर पोहोचायला हवं. पंधराच्या रात्री गेलात, तर विमान कधीच उडालेलं असेल!

औषधं नि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीतच हवी. इन्शुलिन मोठ्या बॅगेत कधीही ठेवू नका, तिथे ते गोठून निकामी होऊ शकतं. कुठला डोस किती वाजता घ्यायचा, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. उतरेपर्यंत मनगटावरचं घड्याळ आपल्याच वेळेवर राहू द्या.

फार वेळ बसून पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. दर दीड-दोन तासांनी उठून फेरी मारा, बसल्या जागी पावलं वरखाली हलवा. संकोचून पाणी कमी पिऊ नका. कपडे सैल घाला. पायांना सूज येत असेल, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा.

काकूंनी पुन्हा बॅग उघडली, गोळ्या वर काढल्या. मग एसटी, विमानतळावरची वाट बघणं, विमान नि तिकडची मोटार असं सगळं मिळून कागदावर मांडलं. सांगलीच्या उंबऱ्यापासून लेकीच्या दारापर्यंत तीस तास भरले!

"बरं झालं बाई, आधीच कळलं," म्हणाल्या नि डब्यात दशम्या चार जास्त ठेवल्या.