भगिनींनो, गाठ लपवू नका!

करी रोड स्टेशनपासून परळचे टाटा हॉस्पिटल चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तरीही आमच्या चाळीतल्या एका मावशींना तिथे पोहोचायला आठ महिने लागले. छातीत गाठ लागली होती. पण ‘दुखत तर नाही ना’ म्हणून आणि लाजेपोटी त्यांनी सुनेलाही सांगितले नाही. तोवर काखेतही गाठ आली. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, हे आमच्या किती माता-भगिनींना ठाऊक आहे?

डॉक्टर हाताने तपासतात, मॅमोग्राफी, सोनोग्राफी सांगतात. काही ठिकाणी सोनोग्राफीबरोबरच ‘इलास्टोग्राफी’ करतात. नाव अवघड, गोष्ट सोपी. आंबा पिकला का हे आपण दाबून पाहतो, तसेच हे. सोनोग्राफीचे यंत्र छातीवर हलकेच दाबले की मऊ भाग दबतो, टणक भाग फारसा दबत नाही. तो फरक पडद्यावर रंगांत दिसतो. दुसऱ्या प्रकारात यंत्रच ध्वनिलहरींचा बारीक धक्का देते आणि टणकपणा आकड्यांत सांगते. १९९१ साली अमेरिकेत जोनाथन ओफिर व सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली. यात एक्स-रे नाही, सुई नाही.

कर्करोगाची गाठ बहुधा टणक, साधी गाठ त्यामानाने मऊ. त्यामुळे कोणत्या गाठीची सुईने तपासणी करायची आणि कोणत्या गाठीवर नुसते लक्ष ठेवायचे, हे ठरवायला मदत होते. पण काही कर्करोग मऊही असतात, आणि जुनी साधी गाठ कडक होऊ शकते. शिवाय एका यंत्रात टणक भाग निळा, तर दुसऱ्यात लाल दिसतो. म्हणून रिपोर्टचा रंग पाहून घरीच निकाल लावू नका. शेवटचा निकाल बायोप्सीचा. सुई लावल्याने रोग पसरतो, ही भीती मनातून काढून टाका.

हे यंत्र जवळ नसले म्हणून थांबू नका. टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातील निम्म्या स्त्रियांची छाती प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासली. २०२१ साली निष्कर्ष आला. पन्नाशी ओलांडलेल्यांत या रोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले होते.

आणि बंधूंनो, एक दिवस खाडा पडला तरी चालेल, पण घरच्या बाईला एकटी पाठवू नका. सोबत जा!