पाळी थांबते तेव्हा : संप्रेरक-उपचार कोणासाठी?

वैशाखात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या घरात गेला म्हणजे घाम कोणाला फुटत नाही? म्हणून पंचेचाळिशी उलटलेल्या गृहिणीने ‘अंगातून वाफा निघतात’ असे म्हटले, की घरचे उत्तर ठरलेले असते : ‘ऊन लागले असेल, पन्हे घे.’ परंतु पौषातल्या थंडीत तीच बाई मध्यरात्री रजई फेकून घामाघूम होऊन उठून बसते, तेव्हा उन्हाला दोष देता येत नाही. कारण शरीराच्या आतच असते.

सुश्रुतसंहितेने रजःप्रवृत्तीचा काळ बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत सांगितला आहे. आज भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते. बीजकोशांतून रक्तात मिसळणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक, म्हणजे अंतःस्राव, आटू लागते. मेंदूच्या तळाशी शरीराची उष्णता राखणारे एक केंद्र आहे. इस्ट्रोजेन घटले म्हणजे ते फार हळवे होते. उष्णता किंचित वाढली तरी कातडीतील रक्तवाहिन्या फुलवते आणि घाम सोडते. याखेरीज झोप मोडते, योनिमार्ग कोरडा पडतो, हाडे झपाट्याने झिजतात. सर्वच स्त्रियांना औषध लागते असे नाही. परंतु ज्यांचा त्रास असह्य होतो, त्यांनी तो मुकाट्याने सोसावा हे काही शास्त्र नव्हे.

उणे पडलेले संप्रेरक बाहेरून द्यावे, हा विचार सरळच होता. १९४२ मध्ये अमेरिकेत गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेले इस्ट्रोजेन गोळीच्या रूपाने विक्रीस आले. १९७५ च्या सुमारास दिसून आले, की नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तेव्हापासून गर्भाशय असलेल्या स्त्रीस जोडीला प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे औषध देण्याचा नियम झाला. तो आजही मोडावयाचा नाही.

२००२ साली दुसरा धक्का बसला. अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर चाललेला प्रयोग मध्येच थांबविण्यात आला. जोड-औषध घेणाऱ्या दर १०,००० स्त्रियांत वर्षाला स्तनाच्या कर्करोगाच्या ८ रुग्णा अधिक आढळल्या होत्या. बातमी जगभर पसरली आणि डॉक्टरही हे औषध लिहावयास कचरू लागले. परंतु त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, ही गोष्ट मागेच राहिली. साठीच्या आत, किंवा पाळी थांबल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू करणाऱ्या निरोगी स्त्रीच्या बाबतीत लाभाचे पारडे सामान्यतः जड असते, असे पुढील अभ्यासांतून दिसले. तात्पर्य, हे औषध वय पाहून आणि शरीर पाहून द्यावयाचे आहे.

हा प्रश्न सुखवस्तू घरांपुरता आहे, असे मात्र कोणी समजू नये. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या सुमारे ८२,००० स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,००० हून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत चाळिशीच्या आतल्याही पुष्कळ होत्या. गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजकोश काढले, तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते आणि तिचा भार हाडांवर व हृदयावर वर्षानुवर्षे पडतो. अशा तरुण स्त्रीस, अन्य अडथळा नसल्यास, पाळी निसर्गतः थांबण्याच्या वयापर्यंत संप्रेरके देणे ही चैन नसून भरपाई आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, शस्त्रक्रियेपूर्वीच ‘बीजकोश का काढता?’ असे विचारले गेले पाहिजे.

आता व्यवहाराचे बोलू. स्तनाचा कर्करोग, रक्ताची गुठळी, पक्षाघात वा हृदयविकार झालेल्यांना, तसेच यकृताचा आजार असलेल्यांना हा उपचार सहसा देत नाहीत. त्यांच्यासाठी संप्रेरकरहित औषधे आहेत. वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा रक्त दिसले, तर आधी तपासणी, मग दुसरे काही. कातडीवर लावावयाच्या पट्टीने वा जेलने गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी असतो. नुसता कोरडेपणा असेल, तर तेथे लावावयाचे मलमही पुरते. शेजारणीची चिठ्ठी दाखवून गोळ्या मात्र आणू नयेत. आपल्या नागपुरात डागा रुग्णालय आहे, मेडिकल आहे. तेथील स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारण्यात संकोच कसला?

आणि सभेतील पुरुष श्रोत्यांनो, हा विषय बायकांचा म्हणून आपण उठून गेला नाहीत, हे बरे झाले. घरात कोणी रात्री-अपरात्री घामाघूम होऊन उठत असेल, तर ‘वयच झाले’ असे म्हणून कूस बदलू नका. तिच्याबरोबर दवाखान्यात जा.