कार्तिकातला पाऊस आणि पूर्वेचा मराठी किनारा

हेब्बाळचा तलाव भरून वाहू लागला की त्याचे पाणी नागवारा, कल्केरे, रामपुरा, येले मल्लप्पा शेट्टी अशा एकाखाली एक तलावांतून उतरत दक्षिण पिनाकिनीला मिळते. तमिळनाडूत हीच नदी तेन्पेण्णै होते आणि कृष्णगिरी, सातनूर ही धरणे ओलांडून कडलूरजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. हेब्बाळच्या पावसाचा समुद्र असा पूर्वेचा आहे. बेंगळुरूच्या मराठी घरांत मात्र दिवाळीच्या सुटीत गाडी काढायचे ठरले की ती कारवार, गोवा, मालवणकडेच वळते. इतिहास पाहायचा म्हटले की सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग आठवतात. मराठ्यांचा किनारा एवढाच, असे आपण धरून चाललो आहोत. ही समजूत अपुरी आहे. जिंजीपासून कडलूर, कारैकाल, नागपट्टणपर्यंतचा मुलूखही आपल्याच इतिहासाचा भाग आहे. तो ऐन पावसात पाहावा असे मी म्हणतो, कारण तिथले राजकारण पावसाच्या वेळापत्रकावर चालत असे.

कोकणातला पाऊस ज्येष्ठात येतो आणि नवरात्रापर्यंत आवरते घेतो. चोळमंडलाच्या किनाऱ्यावर तो तेव्हा कुठे सुरू होतो. तमिळनाडूच्या किनारी जिल्ह्यांत वर्षाच्या पावसापैकी सुमारे ६० टक्के पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत, ईशान्येच्या वाऱ्यांबरोबर पडतो. शिवाय या किनाऱ्याला जहाजांना आडोसा देणाऱ्या खोल खाड्या नाहीत. मोठी जहाजे दूर उघड्या समुद्रात नांगर टाकत आणि माल काथ्याने शिवलेल्या मसुला होड्यांतून लाटा फोडत किनाऱ्यावर येई. ऑक्टोबरच्या मध्याआधी आरमाराने हा किनारा सोडून मुंबई किंवा त्रिंकोमाली गाठायची, असा इंग्रजांचा रिवाज होता. तो मोडला तर काय होते हे फ्रेंचांनी १७४६ मध्ये अनुभवले. सप्टेंबरात त्यांनी मद्रास जिंकले आणि ऑक्टोबरच्या एका रात्रीच्या वादळात त्यांचा आरमारप्रमुख ला बुर्दोने याच्या जहाजांची वाताहत झाली. वर्षातले तीन महिने समुद्रावर कोणाचीच सत्ता नसे. त्या काळात किनाऱ्यावरच्या वखारीला धान्य, कापड आणि संरक्षण देई तो मागचा मुलूख. त्या मुलखाचा गड ज्याच्या हाती, त्याच्या शब्दाला किनाऱ्यावर वजन.

हे वजन शिवाजी महाराजांनी नेमके हेरले. १६७७ च्या दक्षिण दिग्विजयात त्यांनी जिंजी घेतली आणि गड नव्याने बांधायला लगेच हात घातला. नवे तट, खंदक, बुरूज आणि पाणी साठवायची तळी उभी राहिल्याचे त्या काळच्या जेझुइट पाद्र्यांच्या पत्रव्यवहारात नोंदले आहे, आणि युरोपीय बांधणीच्या तोडीचे काम म्हणून त्याची वाखाणणीही आहे. यातल्या तळ्यांकडे आपले लक्ष सहसा जात नाही. उन्हाळ्यात गेलेल्या पर्यटकाला राजगिरीचा तापलेला कातळ तेवढा दिसतो. कार्तिकात तोच कातळ पाणी खाली सोडतो, पायथ्याची चेट्टीकुळम आणि चक्रकुळम ही तळी भरतात, आणि राजगिरी, कृष्णगिरी, चंद्रगिरी या तीन टेकड्यांना एका तटात का गुंफले ते पटते. राजाराम महाराजांनी १६८९ अखेर इथे येऊन १६९८ पर्यंत मोगलांना झुंजवले, ते या पाण्याशिवाय शक्य नव्हते. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी वेढा घालणाऱ्यांनाच कोंडीत पकडले तो महिनाही डिसेंबरच, १६९२ चा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत महाराष्ट्राबाहेरचा एकटा जिंजी आहे.

आता किनाऱ्याकडे. कडलूरजवळ देवनामपट्टिनमला सेंट डेव्हिड किल्ल्याचे थोडे अवशेष आहेत. हा किल्ला इंग्रजांनी १६९० मध्ये मराठ्यांकडून विकत घेतला. त्या वेळी मद्रासचा इंग्रज गव्हर्नर एलिहू येल होता. सौद्यात किल्ल्याबरोबर त्याच्या भोवतीची जमीनही होती, आणि तिची हद्द ठरवायची होती तोफेच्या गोळ्याने. गोळा जिथे पडेल तिथपर्यंत इंग्रजांचे. सप्टेंबरात त्यांनी चांगली लांब पल्ल्याची तोफ आणून चहूकडे गोळे डागले, आणि त्या कक्षेत आलेली गावे ‘गुंडू ग्रामम’, म्हणजे गोळ्याची गावे, म्हणून ओळखली गेली. तीन वर्षांनी पुदुच्चेरीचा हक्क डचांनी राजाराम महाराजांकडूनच विकत घेतला. पुढे १७३९ मध्ये कारैकाल फ्रेंचांकडे गेले, तेही तंजावरच्या भोसल्यांकडून.

यावर कोणी म्हणेल, ही तर विक्रीची यादी झाली, यात अभिमान वाटावा असे काय? आक्षेप रास्त आहे. वेढ्यात अडकलेल्या राज्याला रोख पैसा हवा होता आणि त्यासाठी त्याने किनारा दिला, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण विकायला आधी मालकी लागते. ज्या मराठ्यांचे या समुद्रावर नाव घेण्याजोगे आरमार नव्हते, त्यांच्याकडे इंग्रज, फ्रेंच, डच हे तिन्ही दर्यावर्दी कौलासाठी येत राहिले. आरमार हीच किनाऱ्याच्या सत्तेची एकमेव खूण मानली तर हे कोडे सुटत नाही. पश्चिम किनाऱ्यावर महाराजांनी जलदुर्ग बांधले. पूर्वेला मराठ्यांनी डोंगरावरून किनारा सांभाळला. दोन्ही मिळून त्यांचे सागरी धोरण पुरे कळते. भोसले घराण्याच्या दक्षिणेतल्या वाटचालीची सुरुवातही हेब्बाळपासून फार लांब नाही. शहाजीराजांची जहागीर बेंगळुरूची. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर देवळाला त्यांचे पुत्र व्यंकोजीराजांनी दिलेल्या दानाचा १६६९ चा शिलालेख आजही तिथेच आहे, आणि तेच व्यंकोजी पुढे काही वर्षांत तंजावरचे राजे झाले.

दुसरा आक्षेप जिवाशी निगडित आहे, म्हणून अधिक गंभीर. हाच हंगाम वादळांचा. डिसेंबर २०११ च्या अखेरीस ‘ठाणे’ चक्रीवादळाने कडलूर उद्ध्वस्त केले, २०१५ मध्ये तिथे पूर आला, आणि २०२४ च्या ‘फेंगल’नंतर सातनूरमधून सोडलेल्या पाण्याने तेन्पेण्णैकाठची गावे बुडाली. ज्यांची घरे वाहून गेली त्यांच्या दारावरून सहलीला जाऊ नये, आणि हवामान खात्याचा इशारा असताना हेब्बाळहून निघूच नये. पण दोन कमी दाबाच्या पट्ट्यांमध्ये साध्या सरींचे दिवस बरेच मिळतात. होसूर, कृष्णगिरी, तिरुवण्णामलै करत जिंजी गाठता येते. कातळ निसरडा असेल तर राजगिरी चढू नये. कल्याण महाल, धान्याची कोठारे, वेंकटरमण देऊळ आणि सादतउल्ला खानाची मशीद पायथ्याशीच आहेत, आणि भरलेली तळीही खालूनच नीट दिसतात. मुक्काम पुदुच्चेरीला करावा. दुसऱ्या दिवशी कडलूरला तेन्पेण्णैचे मुख पाहून गडिलम नदीच्या काठाने किल्ल्याच्या अवशेषांपर्यंत जाता येते.